"सुटलीस एकदाची" म्हणतात सगळे. मग मी अडकलेय कुठे?

शिवणघर | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते. आज झोप लागेना म्हणून लिहायला बसले.

वय ४७, राहायला कर्वेनगर. २२ वर्षं घरी ब्लाउज शिवतेय. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. स्तन पूर्ण काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग लाल औषधाच्या चार केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा बारा, मग १५ दिवस रेडिएशन. नोव्हेंबरात सगळं संपलं. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज, निदान पाच वर्षं.

रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी जाऊबाई पेढे घेऊन आल्या. "सुटलीस गं एकदाची!" सगळे हसत होते, मीही हसले. रात्री मोरीत नळ सोडून रडले आणि का रडतेय ते माझं मलाच कळेना. उपचार चालू होते तोवर दिवसाला काम होतं. रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी वाढल्या का बघायचं, तोंड आलं की साळीच्या लाह्या भिजवायच्या, फाईल घेऊन नंबर लावायचा. नर्सबाई नावाने हाक मारायच्या. मग एक दिवस म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. तीन महिने मी काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

जानेवारीत एक जुन्या बाई आल्या, मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाउज घेऊन. त्यांतले दोन पैठणीचे. मुलीचं पहिलं परकर-पोलकं मीच शिवलं होतं. टेप घेतली, तिच्या पाठीमागून छातीभोवती आणली आणि हात तिथेच थांबले. आकडा दिसत होता, पण वहीत लिहिता येईना. बोटांना मुंग्या येतात, सुई धरवत नाही, असं सांगून कापड परत दिलं. ते खोटं नव्हतं, केमोने बोटं अजून बधिर आहेत. पण खरं कारण ते नव्हतं. माझा सगळा धंदा छातीच्या मापावर. कटोरी, टक्स, प्रिन्सेस कट, कुणाची एक बाजू किंचित लहान असेल तर न बोलता अस्तरात सांभाळून घ्यायची, आणि गिऱ्हाइकाला कळूही द्यायचं नाही. त्या दिवसापासून मशीनवर कव्हर आहे.

माझे स्वतःचे चाळीसेक ब्लाउज कपाटात तसेच टांगलेत. मी सैल कुर्ता घालते आणि वरून ओढणी.

आता मुद्द्याचं. जो तो मला सांगतो, "देवाने तुला परत पाठवलंय, काहीतरी कारण असेल." केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी असायची, ३१ वर्षांची. डब्यात कायम लिंबाच्या फोडी. ती मार्चमध्ये गेली. मला कारणासाठी ठेवलं असेल तर तिला कोणत्या कारणासाठी नेलं? याचं उत्तर कुणी देत नाही. दुसरे म्हणतात, "कॅन्सरच्या बायकांसाठी शीव ना, त्यात समाधान मिळेल." तेही मला नको वाटतं. उरलेलं सगळं आयुष्य मी त्याच आजाराच्या दारात उभी राहायचं का?

जे यातून गेलेत त्यांना विचारते. नंतर तुम्ही कशाला धरून उभ्या राहिलात? खरं सांगा. धीर देऊ नका, धीर देणारे घरी पुष्कळ आहेत.

---

अबोली_९ | १० जून, सकाळी ६:४०

शिवणघरताई, मला नऊ वर्षं झाली. बिबवेवाडीत असते. तुमचं मोरीतलं रडणं वाचून हातातला चहा गार झाला, कारण मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायचे.

पहिली दोन वर्षं मला अर्थबिर्थ काही सापडला नाही, हे आधी सांगते. फक्त भीती होती. पाठ दुखली की हाडात गेला, डोकं दुखलं की मेंदूत गेला. दर महिन्याला स्वतःहून लॅबमध्ये जाऊन कॅन्सरच्या मार्करची रक्ततपासणी करून यायचे. शेवटी आमच्या डॉक्टरांनी समोर बसवलं. त्रास नसताना असे मार्कर आणि स्कॅन करत राहायला सांगत नाहीत, ठरलेल्या वेळी तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम, एवढं चुकवू नका, म्हणाले. नवं दुखणं दोन आठवडे टिकलं तर मात्र या. तेव्हापासून दुखलं की कॅलेंडरवर पेन्सिलने टिंब काढते. चौदा टिंबं झाली तर जायचं. नऊ वर्षांत तीनदा झाली. तिन्ही वेळा जाऊन आले, काही निघालं नाही.

आणि एक गोष्ट, वाटलं तर घ्या. ऑपरेशननंतर मी एका बाजूला कलून चालायला लागले होते. सिलिकॉनच्या स्तनाचे पैसे तेव्हा नव्हते. सासूबाईंनी एक शब्द न बोलता मऊ मलमलची पुरचुंडी शिवली आणि त्यात मोहरी भरली, तान्ह्या बाळाच्या उशीत भरतात तशी. स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन करून, थोडी काढून, थोडी घालून. वरून हात फिरवून म्हणाल्या, "बघ बाई, जड होतंय का?" माझ्या आजारात त्या एवढं एकच वाक्य बोलल्या असतील. त्या आता नाहीत. मोहरी दर पावसाळ्यानंतर बदलते.

---

शुभचिंतक_पुणे | १० जून, सकाळी ९:१५

ताई, कारणाशिवाय जगात काही घडत नाही. पूर्वसंचित असतं. नकारात्मक विचार सोडा, रोज सकाळी आरशात बघून "मी बरी आहे" म्हणा. मनात राग साठवला की असले आजार होतात हे आता सगळ्यांना माहीत आहे.

---

मोडी_शिकतेय | १० जून, दुपारी १:०५

शुभचिंतक, तुमचा हेतू चांगला असेल, पण हे वाक्य मागे घ्या. रागाने कॅन्सर होत नाही. मी चौथ्या टप्प्यात आहे, हाडांत पसरलाय, तीन वर्षं झाली. तुमचं ऐकलं तर माझ्या हाडांतला प्रत्येक डाग माझ्याच स्वभावाने पडला असं होईल. दुखणं सोसायचं आणि वर ते आपणच ओढवून घेतलं म्हणून शरमायचं, एवढी ताकद माझ्यात नाही.

शिवणघर, तुम्ही "नंतर"बद्दल विचारलंत. मला नंतर नाही. माझे उपचार मी असेपर्यंत चालणार. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, माझं उत्तर थोडं वेगळं का आहे ते कळावं म्हणून सांगते.

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक मोडीतला कागद होता. घरात कुणालाच वाचता येत नव्हता. गेल्या वर्षी मी मोडीच्या वर्गाला जायला लागले. बहीण म्हणाली, आता कशाला? तिला म्हणायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, मला तो कागद वाचायचाय. मोडीत लेखणी न उचलता लिहायचं असतं, वर आधी रेघ ओढून घ्यायची आणि खाली अक्षरं लोंबकळत जायची. पहिले तीन महिने मला "ल" आणि "त" वेगळे ओळखता येत नव्हते. आता अर्धा कागद लागलाय. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत झालेला करार आहे, कुणाची मोट कोणत्या दिवशी. त्यात एका बाईचं नाव येतं, तिला आठवड्याचा एक दिवस दिलाय. ती आमची कोण, हे अजून कळलेलं नाही.

इंजेक्शनच्या दिवशी रांगेत बसले की मी तिचाच विचार करते.

---

टेकडीवाला | १० जून, रात्री १०:२०

मी नवरा आहे. बायकोचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं. इथे लिहावं की नाही, दिवसभर ठरत नव्हतं.

मी सगळं केलं. डबे, औषधं, विम्याचे कागद, रात्री दोन वाजता तापात रिक्षा शोधणं. तिला रोज सांगायचो, मला काही फरक पडत नाही. आणि खोलीतला दिवा घालवायचो. तिला अवघड वाटू नये म्हणून, असं मी मनाशी धरलं होतं. चौदा महिन्यांनी वेताळ टेकडीवर फिरताना, खाणीच्या कडेला बसलो होतो, ती म्हणाली, "तू एकदाही बघितलं नाहीस." एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

त्या रात्री दिवा चालू ठेवला. व्रण बघितला. मला वाटलं होतं त्यापेक्षा साधा होता, एक आडवी रेघ. दोघंही रडलो. मग तिनं मला व्रणाला खोबरेल लावायला दिलं. अजून लावतो.

शिवणघरताई, तुमच्या मिस्टरांबद्दल मला काही माहीत नाही. पण तेही दिवा घालवत असतील, तर त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

---

कानोसा | ११ जून, दुपारी ३:३०

मी मानसशास्त्रज्ञ आहे, कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करते. धागा दोनदा वाचला.

उपचार संपल्यावर खचणं फार जणींना होतं. आधी शरीर वाचवण्यात मनाला फुरसत नसते. धोका टळला की ते सगळं एकदम समोर येतं, आणि नेमकी तेव्हाच भेटायला येणारी माणसं कमी झालेली असतात. तुम्ही कमी पडलात म्हणून हे झालेलं नाही.

"अर्थ" या शब्दावर आमच्या क्षेत्रात बरंच काम झालंय. छळछावणीतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी आठ बैठकांची एक पद्धत बसवली. ती आधी आजार बळावलेल्या रुग्णांसाठी होती. नेदरलँड्समध्ये नंतर उपचार पूर्ण झालेल्यांसाठी तिचं वेगळं रूप केलं आणि तपासून पाहिलं. मला त्यातली एक गोष्ट फार पटते. आजार का झाला याचं उत्तर तिथे कुणी मागत नाही. आपण कुणाचा काय वारसा घेऊन आलो, टाळता न येणाऱ्या गोष्टीपुढे कसे उभे राहिलो, हातून काय घडतं, आणि कशावर जीव जडतो, असं चार बाजूंनी चाचपतात. वरच्या प्रतिसादांत हे चारही न शिकवता आलंय. विहिरीचा कागद वारसाच आहे, आणि खोबरेलाला मी वेगळं नाव देणार नाही.

टेडेस्ची आणि कॅलहून या दोन अमेरिकी संशोधकांनी १९९६ मध्ये आघातानंतरची वाढ मोजायची एक प्रश्नावली केली. तेव्हापासून "कॅन्सरने मला नवं आयुष्य दिलं" अशी वाक्यं पुष्कळ ऐकू येतात. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. पण वाढ आणि दुःख एकाच घरात राहतात, एक आलं म्हणून दुसरं जात नाही. आणि वाढ झाली नाही तर ते काही नापास होणं नाही.

एक काळजीचं. सलग दोन आठवडे कशातच रस नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि शेवटचं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टॅमॉक्सिफेन चालू आहे हे त्यांना आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्याची काही औषधं शरीरात टॅमॉक्सिफेनचं काम होऊ देण्यात अडथळा आणतात. व्हेन्लाफॅक्सीनसारखे दुसरे पर्याय आहेत, त्याने अंगातून वाफा येणंही काही जणींचं कमी होतं. निवड डॉक्टरांनीच करायची.

---

शिवणघर | १२ जून, रात्री ११:१०

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं, जमत नाहीये. दोनदा लिहून पुसलं.

टेकडीवाला, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचायला दिला. वाचून फोन परत दिला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. अजून काही बोलले नाहीत. पण काल रात्री दिवा घालवायला उठलेही नाहीत.

मोडी_शिकतेय, तुम्हाला मी काय म्हणू? ताई म्हणते. ती बाई कोण ते कळलं की इथे लिहा.

कानोसा, झोप वाईट आहे, जेवण ठीक आहे. मरावंसं वाटत नाही. उलट मरायचं नव्हतं म्हणून तर सगळं सोसलं, आणि आता जगायला बसलेय तर हात चालत नाहीत.

मुलगी १९ वर्षांची आहे. तिच्यासाठी काही तपासणी करावी का?

---

कानोसा | १३ जून, सकाळी ८:००

स्तनाच्या कर्करोगात साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. तपासणी आधी तुमची करतात, तुमच्या जनुकांत दोष सापडला तर मुलीचा प्रश्न येतो. माहेरी-सासरी कुणाला काय झालं होतं ते लिहून जनुकीय समुपदेशकाकडे जा. सासरचं तुमच्या रक्ताचं नाही, पण मुलीच्या रक्तात दोन्हीकडचं आहे.

---

निवडुंग्या | १४ जून, संध्याकाळी ७:४५

नाना पेठेतून लिहितोय. या विषयातलं मला काही कळत नाही, आधीच माफी मागतो.

पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबाराय आमच्याकडे निवडुंग्या विठोबाला. आमच्या मंडळातर्फे वारकऱ्यांच्या चपला, छत्र्या, पिशव्या फुकट दुरुस्त करतो. पिशव्यांवर बसणारे आमचे शिंपीकाका यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे घरी आहेत. मशीन आहे, माणूस नाही. सरळ शिवण, जाड सुई. माप कुणाचंच घ्यायचं नाही. जमलं तर या. नाही जमलं तरी हरकत नाही, राग नाही.

---

अबोली_९ | १४ जून, रात्री ८:३०

शिवणघरताई, जाणार असाल तर डाव्या हातात अंगुस्तान घाला. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला सुई टोचली की जंतुसंसर्ग पटकन होतो. टोचलंच तर लगेच साबणाने धुवा. हात लाल झाला, तापला, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि तासाभराने उठून हात वर करून थोडा वेळ ठेवा.

---

शिवणघर | २३ जून, रात्री १०:०५

गेले होते.

ह्यांनी स्कूटरवर सोडलं. मांडव काय, एक ताडपत्री आणि दोन बाकं. मशीन जुनं, पायाचं, पट्टा सैल. आधी पट्टाच कापून जोडला. सकाळी नऊला बसले आणि मान वर केली तेव्हा दीड वाजला होता. पडश्या, पिशव्यांचे बंद, एका आजोबांची कफनी खांद्यात उसवलेली, पावसाच्या कागदाला पट्टी. बोटं बधिर असली तरी जाड कापड कळतं, पातळ कळत नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. एकदा सुई टोचली, उजव्या हाताला.

एक म्हातारी आली, परभणीकडची. डोक्यावर तुळस, पिशवीचा बंद तुटलेला. मी शिवून दिला. तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि परत माझ्यासमोर ठेवला. "दुहेरी मार गं बाई. पंढरपूरपर्यंत टिकला पाहिजे." मी पुन्हा घातला, दुहेरी, वर फुलीची टीप. परत ओढून पाहिला, मान हलवली आणि गेली. मला काय झालंय, माझे केस का एवढे आखूड आहेत, तिनं काही विचारलं नाही. मागे आणखी वीस जण उभे होते.

दुसऱ्या दिवशीही गेले. एव्हाना माउली दिवे घाटातून वर चढली असेल. माझ्या हाताला थोडी सूज आहे, उशीवर ठेवलाय. ह्यांनी फोन धरलाय आणि मी सांगतेय ते टाइप करताहेत.

ती शेजारच्या खुर्चीवरची मुलगी दोन दिवसांत एकदाच आठवली. नंतर त्याचं वाईट वाटलं. मग मांडवात लिंबू सरबत वाटत होते तेव्हा परत आठवली.

---

मोडी_शिकतेय | २४ जून, दुपारी १२:१५

तिनं दुहेरी मारायला लावलं, हे मी वर्गात सगळ्यांना सांगितलं.

त्या बाईचा पत्ता लागला. त्या दोघांच्या तिसऱ्या, धाकट्या भावाची विधवा. नवरा गेल्यावर तिचा पाण्याचा दिवस काढून घेतला होता आणि तिनं भांडून परत मिळवला, कागद त्याचाच आहे. वार बुधवार.

---

शिवणघर | २ जुलै, रात्री ९:३०

धागा वर काढतेय.

आज बुधवार म्हणून बसले, मोडीताई. मुलीला म्हटलं, वही घे. ह्यांना म्हटलं, टेपचं दुसरं टोक धर. दिवा चालू होता. २२ वर्षांत माझ्या वहीत माझं माप कधी कुणी लिहिलं नव्हतं, मी अंदाजाने कापायचे.

दोन्ही बाजूंची मापं वेगळी घेतली. हुकपट्टीपासून काखेच्या शिवणीपर्यंत उजवीकडे साडेनऊ, डावीकडे आठ. डावा मुंढा अर्धा इंच सैल घ्यावा लागेल, हात सुजतो. डावीकडे टक्स नाही, सपाट. अस्तराला आतून एक खिसा ठेवणार आहे. पुरचुंडी कधी घालीन, कधी नाही घालणार. अबोलीताई, तुमच्या पुरचुंडीत मोहरी किती घेतली होती तेवढं सांगा.

मुलीनं आकडे लिहिले आणि वर नाव काय लिहू विचारलं. गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तिथे. मी म्हटलं, आई लिही.

कापड सुती, फिकट जांभळं. पाण्यातून काढून वाळत घातलंय. उद्या कापते.

---

अबोली_९ | २ जुलै, रात्री ९:५५

पावशेरापेक्षा थोडी कमी. पण प्रत्येकीचं वेगळं असतं, तराजू घेऊनच बसा. आणि मोहरी आधी उन्हात वाळवून घ्या.